डाव्या हाताला इंद्रायणी

पाण्याकाठच्या रस्त्याची आपली आवड मरीन ड्राइव्हने घडवली. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला इमारतींची रांग, मधून वळण घेत गेलेला रुंद रस्ता, आणि पाणी कुठेही नजरेआड होऊ नये ही अट. या अटीवर देहू-आळंदी रस्ता पहिल्याच फेरीत बाद होतो. वीसेक किलोमीटरच्या या वाटेवर इंद्रायणी नीट दिसते ती सुरुवातीला देहूत आणि शेवटी आळंदीत. मधे तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव. म्हणजे वर्कशॉप, गोदामं, मंगल कार्यालयं, सिमेंट-सळईची दुकानं आणि एकीवर एक चढलेल्या सोसायट्या. एवढं असूनही नदीकाठचा रस्ता कोणता, असं कुणी विचारलं तर मी याच रस्त्याचं नाव घेईन, आणि ते केवळ भक्तिभावापोटी नाही.

नदीचं तोंड दाखवण्याची या रस्त्याला हौस नाही. तिची चाल मात्र त्याने नेमकी उचलली आहे. ती जिकडे वळते तिकडे हाही थोडा वळतो, ती जिकडे उतरते तिकडे हाही उतरतो, फक्त दोघांत अंतर राखून. कधी किलोमीटरभर, कधी त्याहून जास्त. हे अंतर म्हणजे या रचनेतली सर्वांत समजूतदार गोष्ट आहे. त्याकडे येऊच, पण आधी दिशा.

हा रस्ता देहूकडून वाचावा. आळंदीकडून निघालं की नदी उजव्या हाताला येते आणि समोरून येते. देहूकडून निघालं की ती डाव्या हाताला राहते आणि आपल्याच दिशेने वाहते. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी मावळ ओलांडून इथवर येते तेव्हा तिचा डोंगरी अवखळपणा सरलेला असतो. तिच्या वरच्या अंगाचं पाणी तर पूर्ण तिचं राहिलेलंही नाही: वलवणला टाटांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी धरण बांधलं आणि तिथलं पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघराकडे वळवलं. पूर्वेला जायला निघालेल्या पाण्यातला एक वाटा असा कोकणात उतरतो. उरलेली नदी कामशेत, इंदोरी करत देहूला पोचते, आणि पुढे आळंदी, मरकळ करत तुळापूरला भीमेला मिळते. देहू आणि आळंदी ही तिच्या उत्तरार्धातली गावं.

पण प्रवाहाबरोबर चालत असताना आपण काळात मात्र उलटे जातो, ही या वाटेची खरी गंमत. देहूचे तुकोबा वैकुंठाला गेले १६५० मध्ये. आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली १२९६ मध्ये. मधे साडेतीनशे वर्षं, आणि ती सगळी या वीसेक किलोमीटरमध्ये. किलोमीटरला साधारण साडेसतरा वर्षं पडतात. हिशेब पोरकट आहे हे मान्य, पण करून पाहायला हरकत नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ते तळवड्याच्या अलीकडेपलीकडे येतं. चौदाव्या शतकाच्या शेवटी पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ मोशीच्या आसपास येतो. आणि १३५० मध्ये पंढरपूरच्या पायरीशी विसावलेले नामदेव बरोबर डुडुळगावात, आळंदीच्या वेशीवर. वारकऱ्यांच्या मनात ज्ञानदेव पाया आणि तुकोबा कळस ही मांडणी पक्की बसलेली आहे. ती संत बहिणाबाईंची देणगी. देवळाच्या बांधणीत माणूस पायाकडून कळसाकडे जातो. या रस्त्यावर नदी आपल्याला कळसाकडून पायाकडे घेऊन जाते.

देहूत रस्ता सुरू होण्याआधी घाटावर थोडं थांबायला हवं. इथे नदीला डोह आहे. तुकोबांच्या वह्या ज्या पाण्यात बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या असं परंपरा सांगते, ते हे पाणी. त्या तेरा दिवसांत ते ज्या शिळेवर अन्नपाण्यावाचून बसून होते तिचं शिळामंदिर देवळाच्या आवारात आहे; नव्या बांधणीचं लोकार्पण १४ जून २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. नदीकाठी गाथा मंदिर आहे, त्याच्या भिंतींवर अभंग कोरलेले आहेत. एकदा पाण्यात गेलेले शब्द आता दगडात आहेत, आणि खिडकीबाहेर तेच पाणी.

डोहात पूर्वीपासून महासीर जातीचे मोठे मासे असत. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतल्या माशांची जी वर्णनं प्रसिद्ध केली, त्यांत या माशाची नोंद आहे. देहूत त्याला कुणी गळ टाकत नसे. लोक लाह्या आणि पिठाच्या गोळ्या टाकत. सरकारी अभयारण्यांच्या किती तरी आधीचं हे अभयारण्य. अलीकडे त्याच घाटावर मेलेले मासे तरंगताना लोकांनी पाहिले. श्रद्धेने गळापासून वाचवलेला मासा सांडपाण्यापासून वाचवता आला नाही.

घाटावरून उत्तरेला पाहिलं की भंडारा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे भामचंद्र, आणि आता त्या डोंगराच्या पायथ्याशी चाकणचं औद्योगिक क्षेत्र येऊन टेकलं आहे. तुकोबा एकांतासाठी ज्या डोंगरांवर जात तिथून आज मोटारींचे कारखाने दिसतात. चाकणच्या या पट्ट्याला नदीचा उत्तर काठ म्हणून ओळखायची सवय आपल्याला नाही, पण निघोजे, कुरुळी, चिंबळी, केळगाव ही गावं नकाशावर पाहिली तर सगळी इंद्रायणीच्या पलीकडच्या थडीची. अलीकडे पिंपरी-चिंचवड, पलीकडे चाकण. दोन्ही उद्योगनगरींच्या मधली शीव म्हणजे ही नदी. आणि शिवेच्या अलीकडून, दक्षिण थडीने, आपला रस्ता.

आता इतिहास. हल्ली ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची पालखी निघते. ती इनामदार वाड्यात मुक्काम करते, दुसऱ्या दिवशी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी विसावते आणि दक्षिणेला आकुर्डीला जाते. अष्टमीला आळंदीतून माउलींची पालखी निघते, ती दिघीवरून विश्रांतवाडीमार्गे पुण्याला. दोघींची गाठ पडते ती पुण्यात. म्हणजे देहू आणि आळंदी यांना जोडणाऱ्या रस्त्यावरून, आषाढीच्या या सगळ्या धामधुमीत, दोन्हींपैकी एकही पालखी जात नाही.

पण पहिली दीडशे वर्षं ती जात होती. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली तेव्हा पालखी एकच होती. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन ती आधी आळंदीला येई, तिथे ज्ञानोबांच्या पादुका तीत ठेवल्या जात, आणि मग दोघे मिळून पंढरीला जात. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हे भजन तेव्हा अक्षरशः एका पालखीत होतं. पुढे देहूकर घराण्यात मानपानाचे आणि हक्कांचे वाद झाले, आणि १८३० च्या सुमारास माउलींची पालखी वेगळी निघू लागली. तिला शिस्त, दिंड्यांचा क्रम, मुक्काम, सगळं लावून दिलं ते शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी. वारीचा आजचा डौल पुष्कळसा त्यांचा आहे, यात वाद नाही. पण त्या दिवसापासून देहू-आळंदी ही वाट ओस पडली. घराण्यातल्या भांडणात एका रस्त्याचं काम गेलं, असं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

सरकारने २०२१ च्या नोव्हेंबरात दोन पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी केली. एकाला ज्ञानेश्वर महाराजांचं नाव, दुसऱ्याला तुकाराम महाराजांचं. दोन्ही मार्ग पुण्याच्या पुढचे. ज्या वीस किलोमीटरवरून पालखी दोघांना एकत्र आणायला चाले, त्याला ते नाव मिळालं नाही. मिळायला हवं होतं का? मला तसं वाटत नाही. नाव मिळालं की कमानी येतात, दुभाजकात टाळकऱ्यांचे फायबरचे पुतळे येतात. हा रस्ता बिनकमानीचाच बरा आहे. एखादी साधी पाटी मात्र चालेल.

ही वाट पालखीच्याही आधीची आहे, आणि तिच्यावरची जुनी रहदारी उलट्या दिशेची होती, असं संतचरित्रं वाचताना लक्षात येतं. महीपतींनी अठराव्या शतकात या कथा लिहून ठेवल्या. एक ब्राह्मण ज्ञान मिळावं म्हणून आळंदीला समाधीपुढे धरणं धरून बसतो. माउली दृष्टांत देतात: देहूला तुकोबांकडे जा. तो जातो. तुकोबा त्याला अकरा अभंग आणि एक नारळ देतात. मराठीतले अभंग आणि वर साधा नारळ बघून तो नाराज होतो, सगळं तिथेच टाकून निघून जातो, आणि तो नारळ कोंडोबा नावाच्या भोळ्या भक्ताच्या हाती पडतो. फोडल्यावर आत रत्नं. दुसरी कथा रामेश्वर भटांची, ज्यांच्या सांगण्यावरून वह्या बुडवल्या गेल्या. अंगाचा दाह शमेना म्हणून ते आळंदीला जाऊन बसतात, आणि तिथून त्यांनाही तेच उत्तर मिळतं: तुकोबांना शरण जा. आळंदीच्या कचेरीत आलेले अर्ज असे एकामागून एक देहूला वर्ग होत. साडेतीनशे वर्षं आधी समाधीत बसलेला थोरला, धाकट्याचं मोठेपण आपल्या सहीने मान्य करतो, ही कल्पना लोकांना किती प्रिय असेल! ती कथा सांगायला देहू आणि आळंदी एका दिवसाच्या चालीत असणं गरजेचं होतं. पंढरपूर ते पैठण अशी ती जमली नसती. भूगोलाने कथेला मदत केली.

देहू सोडल्यावर रस्ता तळवड्याकडे चढतो आणि नदी डावीकडे खाली राहते. इथे ते अंतर कळायला लागतं. थडीला राहणाऱ्या माणसाला नदीचा स्वभाव ठाऊक होता: उन्हाळ्यात ती धारेएवढी होते, श्रावणात शेतं ओलांडून येते. म्हणून गावठाण उंचवट्यावर, त्याच्या खाली मळे, मळ्यांच्या खाली पुराने आणून टाकलेल्या गाळाची मळई, आणि मग पाणी. गावाला गाव जोडणारी वाट उंचवट्याच्या वरच्या अंगाने गेली, कारण ओढे नदीला मिळतात तिथे पात्र रुंद आणि चिखलाचं, तर वर तोच ओढा एका मोरीने ओलांडता येतो. आजच्या रस्त्याची आखणी मोजमाप करून झाली असेल, रुंदी वाढली असेल, पण मूळ ओळ पायी चालणाऱ्यांची आहे. ती कुठल्या इंजिनिअरच्या टेबलावर सुचलेली नाही.

या रस्त्यावरून नदीला जायचं तर पाणंदीने जावं लागतं. एखाद्या पाणंदीला वळून बघाच. दोन्ही बाजूंना आधी पत्र्याची शेड, मग प्लॉटिंगच्या पांढऱ्या दगडांनी आखलेलं पडीक रान, मग अचानक मेथीचे आणि कोथिंबिरीचे वाफे. मातीचा रंग बदलतो. मुरमाड तांबूस जाऊन काळी, चिकट. बांधावर मोटारीची पत्र्याची खोपी, तिथून वर गेलेला काळा पाइप, पाइपच्या सांध्याला गुंडाळलेली ट्यूबची रबरी पट्टी आणि तिच्यातून उडणारी सुईएवढी धार. धारेखाली हिरवं शेवाळ आणि एक अळूचं पान. पुढे बाभळी, आणि बाभळींच्या मागे पाणी. मुख्य रस्त्याचा हॉर्न इथवर ऐकू येतो, पण दुसऱ्या गावातून आल्यासारखा.

सरकारी नकाशात हेच शहाणपण दोन रंगांत मांडलेलं आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही. चिखलीत नदीकाठी निळ्या रेषेच्या आत ३६ बंगले उभे राहिले. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब झालं आणि १७ मे २०२५ ला महापालिकेने ते जमीनदोस्त केले. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेल्या माणसांचे हाल बघवण्यासारखे नव्हते, आणि प्लॉट विकणारे मात्र त्या चित्रात कुठे दिसले नाहीत. पण रस्त्याच्या वाचकाने यातून एवढं टिपून ठेवावं: जुनी वाट जिथून पाण्याला दबकून वर सरकली, तिथूनच खाली लोकांनी ‘नदीचा नजारा’ विकत घेतला. नदीचं दर्शन रोज हवं ही हौस मरीन ड्राइव्हची. इंद्रायणीकाठी ती परवडत नाही.

तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव ही गावं १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. दोन्ही टोकं, देहू आणि आळंदी, आजही महापालिकेच्या बाहेर. त्यामुळे रस्त्याचं पोट शहरात आणि डोकं-पाय गावात अशी अवस्था आहे. तळवड्यात आयटी पार्क. सकाळी कंपनीच्या बस आणि खांद्यावर वीणा घेतलेला एखादा वारकरी एकाच सिग्नलला थांबलेले दिसतात आणि दोघांनाही त्यात नवल वाटत नाही.

चिखलीचं जुनं नाव टाळगाव चिखली. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांचे टाळ इथे येऊन पडले, असं लोक सांगतात, आणि टाळांचं मंदिरही गावात आहे. महापालिकेने संतपीठही इथेच काढलं. या कथेतला भूगोल मला आवडतो. वैकुंठाची वाट आळंदीच्या दिशेने गेली असावी, असं त्यात न बोलता धरलेलं आहे. नाहीतर टाळ पूर्वेला चिखलीत कसे पडतील?

त्याच चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामं पसरली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने ती मोठ्या प्रमाणावर हटवली. त्याच चिखलीत जलशुद्धीकरण केंद्र आहे. आंद्रा धरणातलं पाणी इंद्रायणीतून खाली येतं, निघोजे बंधाऱ्यावर उचललं जातं, इथे शुद्ध होतं आणि शहरात जातं. सोसायटीतल्या नळाला तेच पाणी, आणि सोसायटीच्या मागच्या ओढ्यातून नदीला परत जातं तेही तेच. तीर्थ घ्यायला घाटावर जाणाऱ्या माणसाच्या घरी तीर्थ पाइपने आधीच आलेलं असतं.

मोशीला रस्ता पुणे-नाशिक महामार्ग ओलांडतो, आणि या वीस किलोमीटरमधला हा सर्वांत भरलेला क्षण आहे. इथे दोन महाराष्ट्र एकमेकांना काटकोनात छेदतात. दक्षिणोत्तर जाणारी रांग चाकणची: गाडीच्या सुट्या भागांनी भरलेले टेम्पो, कंटेनर, आणि कोऱ्या मोटारी दोन मजल्यांवर लादून नेणारे लांबलचक ट्रेलर. ट्रेलर वळायला लागला की चौक श्वास रोखतो. पश्चिमेकडून पूर्वेला जाणारी रांग विरळ: दुचाकीवरचं कुटुंब, ऊस भरलेला ट्रॅक्टर, वद्य एकादशी असेल तर पायी चालणारी पाच-दहा माणसं, पुढच्याच्या हातात पताका. दक्षिणोत्तर रांग संख्येने, वजनाने आणि आवाजाने जिंकते. तिला सिग्नलही जास्त वेळ मिळतो. पण पताकावाला माणूस ट्रेलरच्या तोंडासमोर नुसता हात वर करतो आणि चालायला लागतो, आणि अठरा चाकं थांबतात. कायद्याने नाही, सवयीने. हे दृश्य मला कुठल्याही घाटापेक्षा, कुठल्याही सूर्यास्तापेक्षा जास्त देखणं वाटतं.

याच महामार्गाने डावीकडे वळलं तर थोड्याच अंतरावर इंद्रायणीचा पूल, आणि पुढे चाकण. १६६० मध्ये शाइस्तेखानाला दोन महिन्यांच्या आसपास झुंजवणारा फिरंगोजी नरसाळ्यांचा भुईकोट तिथे वाहनांच्या गर्दीत अजून उभा आहे. पण तो वेगळा रस्ता, वेगळा रस. आपण सरळ जायचं.

मोशीनंतर रस्ता मोकळा होतो. डुडुळगावाजवळ नदी हळूहळू कडेला येऊ लागते आणि हवेत ते ओळखीचं ओलसर जडपण येतं. पुण्याहून आलेल्या रस्त्याला आपला रस्ता मिळतो त्या ठिकाणाचं नाव देहू फाटा. आळंदीच्या दारात उभं राहून गाव आपल्याला आपण कुठून आलो ते सांगतं.

आणि मग पूल. इतका वेळ एकाच थडीने, नदीला डाव्या हाताला ठेवून आलेला रस्ता तिला एकदाच ओलांडतो, अगदी शेवटी, कारण समाधी पलीकडच्या काठावर आहे. मधे कुठेही त्याने ही घाई केली नाही. रचनेच्या दृष्टीने याला मी दाद देतो: सगळ्या प्रवासभर राखलेलं अंतर एका पुलाच्या लांबीत संपतं. खाली पात्रात पुंडलिकाचं मंदिर. पावसाळ्यात पुंडलिकाला पाणी लागलं की आळंदीकर पुराचं माप घेतात. वरच्या अंगाला सिद्धबेट, चार भावंडांच्या वनवासाची जागा, आणि तिथला बंधारा.

त्या बंधाऱ्याखाली अनेकदा फेस असतो. दुरून धुकं वाटावं इतका पांढरा. सांडपाण्यातून आलेले डिटर्जंटचे घटक आणि कारखान्यांची रसायनं पाण्यात असतात, पाणी बंधाऱ्यावरून आपटतं, हवा मिसळते आणि फेस धरतो. गेली काही वर्षं ऐन वारीच्या तोंडावर हे चित्र वर्तमानपत्रांत येतं. शहर, उद्योग आणि नाले आपण रस्त्याने येताना डोळ्यांनी पाहिलेलेच असतात. त्यांची बेरीज इथे पांढऱ्या अक्षरात समोर येते. वीस किलोमीटरमध्ये न दिसलेली नदी अखेर दिसते ती या रूपात. रसग्रहणात हेही सांगावं लागतं. बीभत्स हाही नऊ रसांतलाच.

न्यूयॉर्कजवळ ब्रॉंक्स नावाची एक लहानशी नदी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीही अशीच गटारगंगा झाली होती. १९०७ मध्ये तिच्यासाठी एक आयोग नेमला गेला. त्याने काठची जमीन ताब्यात घेतली, नदीत पडणारी घाण बंद करायला लावली, झाडं लावली आणि मग तिच्या कडेने झाडीतून जाणारा रस्ता बांधला. तो १९२५ मध्ये पुरा झाला. नदीकाठच्या देखण्या रस्त्यांची अमेरिकी परंपरा पुष्कळशी तिथून सुरू होते. त्यातला क्रम महत्त्वाचा: आधी पाणी, मग जमीन, मग झाडं, सर्वांत शेवटी रस्ता. आपल्याकडे नदीसुधाराच्या चित्रांत पहिल्यांदा फरसबंदी दिसते, तिच्यावर फिरणारी माणसं दिसतात, आणि पाणी संगणकाने निळं रंगवलेलं असतं.

पूल ओलांडून आळंदीत शिरलं की दुकानांच्या रांगा लागतात: तुळशीच्या माळा, बुक्का, टाळ, पखवाज. जोग महाराजांनी १९१७ मध्ये इथे वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून हे विद्यार्थ्यांचंही गाव झालं. पांढरं धोतर, कपाळाला गंध, खांद्यावर पखवाजाची खोळ, अशी पोरं गल्लोगल्ली दिसतात. एखाद्या पखवाजाच्या दुकानापाशी थोडं रेंगाळावं. कारागीर मांडीत खोड धरून वादी ओढत असतो, लाकडी गट्ठ्यावर हातोडीचा एक हलका ठोका देतो, शाईच्या पुडीवर बोट मारून ऐकतो, पुन्हा ठोका, पुन्हा बोट. मग समोरचा मुलगा कणकेचा गोळा मळून धुमेच्या मधोमध चिकटवतो, ओल्या बोटांनी कडेने पातळ करत नेतो आणि थाप मारतो. आवाज उंच वाटला तर आणखी चिमूटभर कणीक. खोडाच्या एका तोंडाला शाई, दुसऱ्या तोंडाला कणीक. शाई कायमची, कणीक वादनापुरती, झालं की खरवडून काढायची.

माझा निकाल असा. नदी पाहायची म्हणून हा रस्ता कुणी करू नये. त्यासाठी मावळात, वरच्या अंगाला जावं, आणि तिथेही बेतानं, कारण कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ ला गर्दीने कोसळून चार जण गेले, ते अजून ताजं आहे. हा रस्ता करावा तो आखणीसाठी. नदीला न खेटता तिच्याबरोबर कसं चालावं, पूर आणि गाव यांच्यामध्ये किती जागा सोडावी, आणि पूल कुठे टाकावा, हे त्याला कळलं आहे. जे काही सुधारायचं ते डावीकडच्या पाण्यात सुधारा. रस्ता आहे तिथेच राहू द्या, त्याला खाली काठावर ओढू नका.

जायचं असेल तर देहूकडून निघा, मोशीला चौकाच्या कडेला थोडं उभे राहा, आणि ज्येष्ठ वद्य सप्तमी-अष्टमी टाळा. त्या दोन दिवशी दोन्ही गावांत पाय ठेवायला जागा नसते, आणि पालख्या तर या रस्त्याने जातच नाहीत.